पंधरा इंची चाक: मापापासून रेंडरपर्यंत

टायरच्या कडेवर १८५/६५ आर १५ असं छापलेलं असतं. संगणकावर चाक उभं करायला बसणाऱ्याने सुरुवातीचा वेळ या आकड्यांना द्यावा, निम्मा नकाशा तिथेच आहे. १८५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आणि १५ हा रिमचा व्यास इंचांत. १८५ चे ६५ टक्के १२०.२५ मिमी. वर आणि खाली मिळून २४०.५. पंधरा इंचांचे ३८१ मिमी. बेरीज ६२१.५ मिमी. हवा भरलेल्या, पण गाडीचं वजन न घेतलेल्या टायरचा हा बाहेरचा व्यास. पुढचं सगळं काम या एका आकड्यावर टांगलेलं असतं.

पहिला घोळ मात्र लगेचच होतो. पंधरा इंच म्हणजे रिमची दिसणारी कड नव्हे. टायरच्या आतल्या कडेत तारेचं कडं असतं, त्याला बीड म्हणतात. तो बीड रिमच्या ज्या बैठकीवर बसतो तिथला हा व्यास आहे, आणि प्रमाणमापात तो ३८०.२ मिमी धरतात. बैठकीच्या बाहेर रिमची उभी कड येते. गाड्यांच्या रिमवर जे ‘६ जे’ लिहिलेलं असतं त्यातला ‘जे’ या कडेच्या घाटाचा आहे आणि तिची उंची १७.३ मिमी. दोन्हीकडची मिळवली की डोळ्यांना दिसणारा व्यास येतो ४१४.८ मिमी, म्हणजे सव्वासोळा इंचांच्या किंचित वर. नेटवर विकत मिळणाऱ्या चाकांत बाहेरची कड ३८१ ला कापलेली सर्रास दिसते. मग रबराची पट्टी जिथे १०३ मिमी दिसायला हवी तिथे १२० दिसते आणि चाक फुगलेलं वाटतं. कलाकार टायर बारीक करत बसतो, आणि चूक रिममध्ये असते.

रिमचे बाकीचे आकडे मागच्या बाजूला ओतीवच असतात: ६ जे × १५, एच २, ईटी ४५, कधी जेडब्ल्यूएल हा जपानी चाचणीचा शिक्का आणि ओतकामाची तारीख दाखवणारी छोटी तबकडी. सहा इंच म्हणजे १५२.४ मिमी, पण ही रुंदी दोन्ही उभ्या कडांच्या आतल्या अंगाची. बाहेरून मोजलं तर साधारण इंचभर जास्त भरते. एच २ म्हणजे दोन्ही बैठकांशेजारी एकेक उंचवटा, बीड आत घसरू नये म्हणून. टायर चढवल्यावर तो दिसत नाही, त्यामुळे आम्ही तो सहसा करत नाही. फक्त टायर काढलेलं रिम दाखवायचं असेल तरच. ईटी ४५ चा अर्थ, रिमच्या रुंदीच्या बरोबर मध्यापासून हबला, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक कसतात त्याला, टेकणारा सपाट भाग ४५ मिमी बाहेरच्या बाजूला आहे. हा आकडा सोडला तर चाक पत्र्याच्या कमानीत एक तर खोल जातं किंवा बाहेर डोकावतं.

मापं घ्यायला शोरूमपेक्षा टायरचं दुकान बरं. गोव्यात पावसाळा संपला की म्हापसा, फोंडा, मडगाव कुठेही जा, दुकानाच्या मागे खड्ड्यांनी वाकवलेली, तडा गेलेली अलॉय रिमं रचून ठेवलेली असतात. ती किलोवर जातात. एखादं मागितलं की “व्हर, भंगारांत घालपाचेंच आसा” (ने, भंगारातच घालायचं आहे) असं उत्तर मिळतं, फार तर थोडे पैसे पडतात. वाकलेली बाजू सोडून उरलेलं रिम अगदी खरं असतं, आणि मुख्य म्हणजे ते उलटं करून मागून बघता येतं. स्पोक मागून पोकळ असतो, खोबणीसारखा कोरलेला. वजन आणि धातू वाचवण्यासाठी तसा ओततात. समोरून काढलेल्या फोटोंवरून काम करणाऱ्यांचे स्पोक हमखास भरीव निघतात आणि कॅमेरा तिरका झाला की लाकडी फळीसारखे दिसतात.

व्हर्नियर, लवचीक टेप आणि सुतारांकडे असतो तसा दातेरी कंटूर गेज, एवढ्यात काम होतं. कंटूर गेज स्पोकवर आडवा दाबायचा, कागदावर रेघ ओढायची. मुळाशी, मध्यावर आणि कडेजवळ अशा तीन रेघा पुरतात. नटांच्या भोकांचं वर्तुळ चार भोकं असतील तर समोरासमोरच्या भोकांच्या मध्यांतून सरळ मोजता येतं. छोट्या हॅचबॅकला बहुधा ४×१०० असतं, म्हणजे चार भोकं १०० मिमीच्या वर्तुळावर. पाच भोकांना समोरासमोर जोडी नसते. तिथे शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर घेऊन ०.५८७८ ने भागायचं. अंतर ६७.२ आलं तर वर्तुळ ११४.३ मिमीचं. भोकाचं तोंड ६० अंशांचं शंकूसारखं की गोलसर, हेही बघून ठेवावं. बऱ्याच जपानी आणि कोरियन गाड्यांना शंकूवाले नट असतात, होंडाला गोलसर बैठकीचे, आणि फोक्सवॅगन-स्कोडाला नट नसून बोल्टच असतात. बोल्टवाल्या गाडीच्या चाकातून स्टडची टोकं बाहेर आलेली दाखवली तर जाणकार तिथेच थांबतो.

फोटोंबद्दल थोडक्यात. मोबाइलच्या नेहमीच्या लेन्सने जवळून काढलेला फोटो मापाला निरुपयोगी. मधला हब मोठा आणि कड मागे गेलेली दिसते. ८५ ते १०० मिमीच्या लेन्सने चार-पाच मीटरवरून, कॅमेरा हबच्याच उंचीवर ठेवून काढावा. मोबाइलच असेल तर त्यातली टेलिफोटो वापरावी. जून-जुलैचं ढगाळ आभाळ प्रकाशाला उत्तम, पण ओलं रबर आरशासारखं चमकतं आणि त्यावरून आकार काढता येत नाही. त्यामुळे पोर्चखाली, टायर फडक्याने पुसून आणि वाळू देऊनच. फोटोग्रामेट्रीचा, म्हणजे अनेक फोटोंवरून सॉफ्टवेअरने आकार काढण्याचा, मोह टाळलेला बरा. काळं रबर आणि चकचकीत धातू, दोन्हीवर सॉफ्टवेअरला पकडायला खुणा सापडत नाहीत. खडूची फवारणी करून मेश, म्हणजे आकाराची जाळी, येतो, पण उकडलेल्या बटाट्यासारखा, एकही कड धारदार नाही. चिखलाचे आणि झिजेचे टेक्स्चर मिळवायला ती पद्धत ठीक, आकारासाठी व्हर्नियरच.

कडेवरच्या अक्षरांसाठी मात्र एक जुनी, शाळेतली युक्ती आहे. ट्रेसिंग पेपर कडेवर चिकटपट्टीने ताणून लावायचा आणि मेणाचा खडू आडवा धरून हलका घासायचा. अक्षरं, त्यांच्या भोवतीच्या बारीक रेघांची झालर, बीडजवळची गोल रेघ, सगळं जसंच्या तसं कागदावर उतरतं. शेजारी पट्टी ठेवून ३०० डीपीआयवर स्कॅन केलं की एका मिलिमीटरला जवळपास १२ पिक्सेल मिळतात. फोटोत ही झालर प्रकाशाच्या कोनाप्रमाणे दिसते किंवा गायब होते. घासलेल्या कागदावर तसं होत नाही. जोर मात्र सगळीकडे सारखा ठेवावा, नाहीतर उथळ अक्षरांच्या कडा अर्धवट येतात.

आता ब्लेंडर, म्हणजे त्रिमितीय आकार करायचं सॉफ्टवेअर. दुसरं कुठलंही सॉफ्टवेअर चालेल, बटणांची नावं बदलतील. एकक मीटरच ठेवावं आणि मापं मिमीमध्ये टाइप करावीत. जवळ गेल्यावर मेश कापल्यासारखा दिसतो, म्हणून व्ह्यूपोर्टचा क्लिप स्टार्ट ०.००१ मीटरवर आणावा. जवळचे बिंदू एकत्र करणाऱ्या मर्ज बाय डिस्टन्सचं ठरलेलं अंतर ०.०००१ मीटर, म्हणजे ०.१ मिमी असतं. रिमला ते योग्य आहे. टायरवर अर्ध्या मिलिमीटरच्या चिरा असतात, तिथे हे अंतर वाढवण्याच्या भानगडीत पडू नये, चिरा शिवल्या जातात.

रिमची सुरुवात आडव्या छेदाच्या रेघेपासून. बाहेरची कड, बैठक, मधला खोल भाग, आतली बैठक, आतली कड. बैठकीला आतल्या दिशेने ५ अंशांचा उतार असतो. ही रेघ अक्षाभोवती फिरवायची. किती तुकड्यांत फिरवायची हा निर्णय इथे घ्यावा लागतो आणि तो स्पोकच्या संख्येवरून घ्यायचा. आमच्या चाकाला सात स्पोक आणि चार नट. ६४ तुकडे घेतले तर सातने भागच जात नाही आणि प्रत्येक स्पोक रिमला वेगळ्या ठिकाणी चिकटतो. ८४ घेतले की एका स्पोकला १२ तुकडे, अर्ध्याला ६, आणि ८४ ला चारनेही भाग जातो, म्हणजे एका नटाच्या वाट्याला २१. पाच स्पोक आणि पाच नट असतील तर ८० पुरतात.

तुकडे कमी घेऊन सबडिव्हिजनवर, म्हणजे जाळी आपोआप बारीक आणि गुळगुळीत करण्यावर, भरवसा टाकण्याचं एक छुपं नुकसान आहे. सबडिव्हिजन वर्तुळाला आत ओढतं. २०७.४ मिमी त्रिज्येचं वर्तुळ १६ तुकड्यांत काढलं तर गुळगुळीत झाल्यावर ते पाच मिमीपेक्षा जास्त आत येतं. रिम दिसायला छान गोल असतं, पण मापात एक सेंटिमीटर लहान झालेलं असतं, आणि टायर बसवताना फट का पडते ते कळत नाही. ८४ तुकड्यांत हीच घट ०.२ मिमीच्या आत राहते.

स्पोक एकाचा अर्धाच करायचा, मिरर मॉडिफायरने पूर्ण करायचा आणि मग मधोमध ठेवलेल्या एम्प्टीच्या, म्हणजे आकार नसलेल्या खुणेच्या, कोनावर अ‍ॅरेने सात प्रती करून फिरवायचा. कोनाच्या रकान्यात ३६०/७ असंच लिहावं, ब्लेंडर भागाकार करून घेतो. कुणी ५१.४ लिहिलं तर सात फेऱ्यांत ०.२ अंश कमी भरतात आणि बाहेरच्या कडेवर शेवटच्या व पहिल्या तुकड्यात ०.७ मिमीची भेग राहते. रेंडरमध्ये ती केसासारखी काळी रेघ दिसते आणि सगळे शेडरमध्ये, म्हणजे रंग-चमकेच्या मांडणीत, कारण शोधत बसतात.

खरी डोकेदुखी मध्यभागी. सात स्पोक आणि चार नट यांची सममिती एकमेकांत बसत नाही, त्यामुळे नटांची भोकं स्पोकसोबत अ‍ॅरेत टाकता येत नाहीत. पाच स्पोकवर पाच नट असलेल्या चाकावर शिकलेले लोक इथे अडकतात. मधली चकती वेगळी करावी: चार सारख्या भागांची, साधारण १४५ मिमी व्यासाची, बाहेरच्या कडेवर ८४ बिंदू राखून. स्पोकचा अ‍ॅरे पक्का करून त्याचीही आतली कड ८४ बिंदूंवर आणायची आणि दोन्ही जोडायच्या. जोडाच्या ठिकाणी ओतकामाचा ५-६ मिमीचा गोलावा असतोच, त्यामुळे तिथली जाळी थोडी आडवीतिडवी झाली तरी लपते. व्हॉल्व्हचं भोक एकच असतं, ११.५ मिमीच्या आसपास, आणि ते सगळी सममिती मोडतं. ते अगदी शेवटी पाडावं. व्हॉल्व्ह बहुधा दोन स्पोकच्या मधल्या खिडकीत येतो, पंपाची नळी लावायला जागा हवी ना.

कडांचा गोलावा सगळीकडे सारखा देणं ही सवय सोडावी. रिम कसं बनतं ते आठवावं. ओतीव भाग साच्यातून सुटायला हवा, म्हणून बाजू काही अंश कललेल्या आणि कडा दोन-तीन मिमी गोल. समोरचा चकाकता भाग लेथवर कापलेला असेल तर तिथली कड धारदार, ०.३ ते ०.५ मिमी. काळा रंग आणि चांदीसारखा कापलेला चेहरा जिथे मिळतात ती रेघ अगदी स्वच्छ असते, कारण आधी पूर्ण रिम रंगवतात आणि मग चेहऱ्यावरून रंगासकट धातू कापून काढतात. म्हणून ही रेघ टेक्स्चरमध्ये रंगवू नये, मेशमध्येच वेगळं मटेरियल द्यावं. ब्लेंडर ४.१ पासून ऑटो स्मूथचा जुना खूण करायचा चौकोन गेला, ते काम आता स्मूथ बाय अँगल हा मॉडिफायर करतो. जुनी फाइल उघडून कडा विचित्र दिसल्या तर आधी तिकडे बघावं.

टायर. लांब सपाट पट्टी करून ती गोल वाकवणं हीच सगळ्यांत सोपी वाट. पट्टीची लांबी म्हणजे परीघ, ६२१.५ गुणिले ३.१४१६, म्हणजे १९५२.५ मिमी. सिंपल डिफॉर्ममधला बेंड ३६० अंशांवर ठेवला की पट्टीचं कडं होतं. पण ऑब्जेक्टचा ओरिजिन, म्हणजे त्याचा आधारबिंदू, ज्या पातळीवर असतो तिथलीच लांबी कायम राहते. ओरिजिन टायरच्या वरच्या पृष्ठभागाच्या पातळीवर हवा. तो खाचांच्या तळाशी राहिला आणि खाच ८ मिमी खोल असली तर बाहेरचा व्यास ६३७.५ होतो. पट्टीचा आडवा छेदही वाकवण्याआधीच थोडा फुगीर करून घ्यावा, खांद्याकडे, म्हणजे नक्षी आणि कड मिळतात तिथे, पृष्ठभाग काही मिमी खाली उतरलेला असतो. सपाट पट्टी वाकवली की टायर रोड रोलरच्या लोखंडी चाकासारखा दिसतो.

नक्षीचा एक घास, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, करून तो ६६ वेळा सारखा लावला की काम झालं असं वाटतं, पण डोळा लगेच ओळखतो. खऱ्या टायरमध्ये सगळे घास सारख्या लांबीचे नसतात. सारखे असले तर रस्त्यावर एकाच सुरात घोंघावतील, म्हणून कारखाने तीन ते पाच वेगवेगळ्या लांबीचे घास अनियमित क्रमाने लावतात. आम्ही तीन लांब्या घेतो: २६, ३० आणि ३३ मिमी. लहान २२, मध्यम २४, मोठे २० घेतले की एकूण ६६ घास आणि लांबी १९५२ मिमी. उरलेला अर्धा मिमी पूर्ण पट्टी किंचित ताणून भरून काढायचा. क्रम लावताना एकाच लांबीचे चारपेक्षा जास्त सलग येऊ द्यायचे नाहीत. अ‍ॅरे मॉडिफायर वेगवेगळ्या लांब्या लावत नाही, त्यामुळे छोटी स्क्रिप्ट किंवा जिओमेट्री नोड्स. घासाच्या दोन्ही टोकांवरचे बिंदू आडव्या छेदात अगदी एकसारखे असले पाहिजेत, लांबी बदलली तरी टोकं बदलत नाहीत. शिवाय अनेक टायरांत डाव्या-उजव्या खांद्यांची नक्षी एकमेकांपासून थोडी सरकलेली असते. ते सरकवणं दोन मिनिटांचं काम आहे आणि परिणाम मोठा.

घासाच्या आत काय काय असतं? लांबीच्या दिशेने तीन किंवा चार मुख्य खाचा, नव्या टायरला ७-८ मिमी खोल. त्यांच्या भिंती उभ्या नसतात, वर किंचित फाकलेल्या असतात, नाहीतर खडे अडकून बसतील. बारीक चिरा अर्धा ते एक मिमी रुंद आणि मुख्य खाचांपेक्षा उथळ. त्या खऱ्या कापायच्या की नॉर्मल मॅपमध्ये (उठावाचा नुसता भास देणारं चित्र) टाकायच्या हे कॅमेरा किती जवळ येणार त्यावर. आम्ही मोठ्या, म्हणजे भरपूर बारकाव्याच्या, मॉडेलमध्ये कापतोच, कारण खांद्यावर बाह्यरेषेत त्या दिसतात. खाचांच्या तळाशी १.६ मिमी उंचीचे झीज दाखवणारे आडवे बांध असतात आणि त्यांच्या सरळ रेषेत खांद्यावर टीडब्ल्यूआय ही अक्षरं किंवा त्रिकोण. बांध एकीकडे आणि त्रिकोण भलतीकडे असं करू नये.

उसगावला एमआरएफचा कारखाना असल्यामुळे टायरचा साचा कसा उघडतो हे सांगणारी माणसं फोंडा तालुक्यात सहज भेटतात. कडांसाठी दोन थाळ्या आणि नक्षीसाठी गोलाकार रचलेले तुकडे. म्हणून खऱ्या टायरच्या खांद्यावर एक पूर्ण गोल सांध्याची रेघ आणि नक्षीवर काही ठिकाणी आडव्या बारीक रेघा असतात. ही रेघ ०.२ मिमीची असली तरी प्रकाश पकडते. साच्यातली हवा निघायच्या भोकांतून आलेले रबराचे केस नव्या टायरवर दाखवावेत, वापरलेल्या टायरच्या नक्षीवर अजिबात नाही. तिथे ते झिजलेले असतात, कडेवर मात्र तुरळक राहतात.

रुंदीचाही एक बारकावा. १८५/६५ ची १८५ मिमी रुंदी ही ५.५ इंची रिमवर मोजलेली असते. रिम अर्ध्या इंचाने रुंद झालं की टायर सुमारे ५ मिमी पसरतो. म्हणजे आमच्या ६ जे वर तो १९० धरायचा.

कडेची अक्षरं अर्धा ते एक मिमी उठावाची. कडेचं वर्तुळ सरळ पट्टीत उलगडावं, म्हणजे अक्षरं नेहमीच्या मजकुरासारखी ओळीत लिहिता येतात. कडेच्या मध्यावरचा परीघ १६२७ मिमीच्या आसपास येतो. ८१९२ पिक्सेलच्या टेक्स्चरवर एका मिमीला पाच पिक्सेल, ४०९६ वर अडीच. झालरीची रेघ ०.६ मिमीची असेल तर ८१९२ वर तिला तीन पिक्सेल मिळतात आणि ती टिकते, ४०९६ वर तिचा राखाडी पट्टा होतो. त्यामुळे ४ के च वापरायचं असेल तर कडेची पट्टी दोन अर्ध्या ओळींत एकाखाली एक ठेवावी, त्याच जागेत दुप्पट बारकावा मिळतो. मजकूर खरा असू द्या: माप, ८८ एच (भार आणि वेगाची खूण), ट्यूबलेस, आयएसआय खूण आणि तिच्याबरोबर आयएस १५६३३, आणि डॉट अक्षरांनंतरच्या कोडच्या शेवटी चार आकडे. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. हे चार आकडे साच्यात बदलता येणाऱ्या छोट्या पट्टीवर असतात, म्हणून त्यांच्याभोवती चौकट उमटलेली दिसते. कंपनीचं नाव मात्र खरं घालू नये. विक्रीच्या साइटवर व्यापारचिन्ह असलेली मॉडेलं अनेकदा फक्त संपादकीय वापरासाठी ठेवली जातात आणि जाहिरातवाला गिऱ्हाईक हातचा जातो.

मटेरियलमध्ये रबर कधीच शून्य काळं नसतं. लिनियर मूल्य ०.०२ ते ०.०४, रफनेस नक्षीला ०.८ आणि कडेला ०.६ च्या जवळ. शून्य काळ्यात खाचा गडप होतात आणि एवढी मेहनत कुणाला दिसत नाही. जुन्या टायरच्या कडेवर तपकिरी झाक येते. रबर तडकू नये म्हणून मिसळलेलं रसायन हळूहळू पृष्ठभागावर येतं, त्याचा हा रंग. धूळ समजून ती झाक फक्त खाली दाखवू नका, ती पूर्ण कडेवर असते. लेथवर कापलेल्या चेहऱ्याला मेटॅलिक १, रफनेस ०.२५, अ‍ॅनायसोट्रॉपी ०.६ आणि टँजंट नोडमध्ये रेडियल, म्हणजे चमक गोल रेघांप्रमाणे ओढली जाते. फिरणाऱ्या चाकावर प्रकाशाचे दोन पंखे जागच्या जागी उभे दिसतात ते यामुळे. त्यावर कोटचा थर हवाच, अलॉयवर लॅकर असतं. साधं चांदी रंगाचं रिम हा उघडा धातू नाही, तो रंग आहे, त्याला अ‍ॅनायसोट्रॉपी देऊ नये.

झीज-मळ दाखवायचा असेल तर गोव्याइतकी चांगली प्रयोगशाळा दुसरी नाही. चिऱ्याचा लाल चिखल डिचोली-सांग्याकडच्या गाड्यांवर बघावा. नक्षीचे उंच भाग रस्त्यावर घासून काळे राहतात, खाचांचा तळ आणि खांदा लाल. रिमच्या आतल्या पिंपात चिखल बाहेरच्या बाजूला फेकला जाऊन कडेशी थर करतो. लाल रंग सगळीकडे सारखा पसरवलेला टायर म्हणजे आपोआप मळ लावणाऱ्या जनरेटरचं ठरलेलं मास्क ओढलेलं आहे हे उघड. किनाऱ्यावरच्या गाड्यांचा आजार वेगळा. कापलेल्या चेहऱ्यावर खडा लागून लॅकर फुटलं की तिथून पांढुरक्या, किड्याने खाल्ल्यासारख्या रेघा लॅकरखाली पसरतात. त्यांची सुरुवात नेहमी टवक्यापासून किंवा कडेपासून, मोकळ्या मैदानात नाही. पावसाळ्यात ब्रेक डिस्क एका रात्रीत नारिंगी होते आणि दोन-तीन ब्रेकनंतर पॅड घासतो तो पट्टा पुन्हा लख्ख. मधली टोपी आणि बाहेरची धार मात्र कायम गंजलेली. काळ्या पाटीवर पिवळ्या आकड्यांच्या भाड्याच्या गाड्या तर संदर्भाची खाणच: पत्र्याचं काळं रिम, वर प्लास्टिकचं कव्हर, कडेला फुटपाथचे ओरखडे, आणि कव्हर पडू नये म्हणून स्पोकमधून ओवलेल्या दोन-तीन केबल टाय. ओरखडे बाहेरच्या कडेवर, परिघाच्या दिशेने आणि एका टप्प्यापुरतेच येतात. आडवेतिडवे सगळीकडे नाहीत.

उभ्या गाडीखाली टायर थोडा बसतो. या मापाच्या टायरची हबपासून जमिनीपर्यंतची उंची मोकळ्या त्रिज्येपेक्षा साधारण १५ ते २० मिमी कमी भरते आणि खालची कड फुगते. हे शेप की मध्ये, म्हणजे मेशच्याच साठवलेल्या दुसऱ्या आकारात, बसवलं तर चाक फिरल्यावर सपाट भाग त्याच्याबरोबर वर जातो. म्हणून लॅटिस, म्हणजे आकार वाकवणारा बाहेरचा पिंजरा, वापरावा, आणि तो फिरणाऱ्या चाकाला न जोडता हबच्या न फिरणाऱ्या भागाला जोडावा. ब्रेकचे पॅड धरणाऱ्या कॅलिपरचंही तेच, तो चाकाबरोबर फिरता कामा नये. डिस्क फिरते, कॅलिपर नाही. हे लिहायची गरज पडू नये, पण पडते.

ओरिजिन आम्ही अक्षावर, हबला टेकणाऱ्या सपाट भागाच्या पातळीवर ठेवतो. काही जण रिमच्या मध्यावर ठेवतात. पण हबच्या पातळीवर असलं की वेगळ्या ईटीचं दुसरं चाक बदलून टाकलं तरी ते गाडीत आपोआप योग्य खोलीवर बसतं.

गेमसाठी टायरचं मोठं मॉडेल साध्या दंडगोलावर बेक करायचं, म्हणजे त्याचे बारकावे चित्रात उतरवायचे. पूर्ण चाकाचं मोठं मॉडेल तीन ते पाच लाख पॉलिगॉनचं, गेमचं आठ ते बारा हजारांत बसतं. खांद्याच्या बाह्यरेषेला मात्र ठोकळे खरेच ठेवावेत, नॉर्मल मॅप बाह्यरेषा बदलत नाही. अनरियल या गेम इंजिनला नॉर्मल मॅपचा हिरवा चॅनल उलटा लागतो, ब्लेंडर आणि युनिटी या दुसऱ्या इंजिनला सरळ. उलटा गेला तर अक्षरं उठावाऐवजी कोरलेली दिसतात, त्यामुळे तपासायला कडेचा मजकूर चांगला. एफबीएक्स फाइल पाठवण्याआधी स्केल पक्कं करावं. अनरियल सेंटिमीटर मोजतं, तिथे व्यास ६२.१५ दिसला पाहिजे.

उरलं उजव्या बाजूचं चाक. डावं चाक उणे स्केलने आरशात उलटवून ते बनवू नये, कडेवरची अक्षरं उलटी होतात. अक्षाभोवती नव्हे, उभ्या रेषेभोवती १८० अंश फिरवावं. नक्षी एका दिशेची असेल, कडेवर फिरण्याचा बाण असेल, तर नुसतं फिरवूनही चालत नाही, बाण मागे तोंड करतो. तिथे नक्षीची पट्टी आरशात उलटवायची, कडेची यूव्ही, म्हणजे टेक्स्चर चढवायची उलगडणी, तशीच ठेवायची आणि बाण वेगळ्या डेकलमध्ये (वरून चिकटवलेलं चित्र) उलट लावायचा. स्पोक पिळाचे असतील तर बहुतेक गाड्यांना दोन्ही बाजूंना एकच रिम येतं, म्हणून एका बाजूला पीळ पुढे आणि दुसरीकडे मागे दिसतो. ते चूक समजून दुरुस्त करू नये.